डाव्या बाजूचा बूट

आई घराबाहेर पडायला तयार झाली, नेमका त्याच सकाळी गाडीचा बूट फाटलेला निघाला.

बूट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या शब्दाने केला. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारा एक दांडा असतो, एक्सल. चाकाजवळ त्या दांड्याला सांधा असतो, म्हणून चाक फिरताफिरता वळूही शकतं. त्या सांध्यावर पेटीच्या भात्यासारखी घड्याघड्यांची रबरी टोपी बसवलेली असते आणि तिच्यात ग्रीस भरलेलं असतं. या टोपीला गॅरेजवाले बूट म्हणतात. टोपीला पायात घालायच्या वस्तूचं नाव कोणी दिलं, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, आत धूळ शिरते, वळणावर चाक कटकट करायला लागतं आणि शेवटी सांधाच जातो. हे सगळं मला बाबांमुळे माहीत. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरी दुरुस्त्या करायचे, दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने. भूगोल जास्त बरा शिकवायचे.

बाबा दिवाळीनंतर गेले. मी पुण्याहून आले ती रत्नागिरीतच राहिले. माझं काम पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं, ते नाचणे रोडवर बसूनही होतं. आई काही रडत बसली नव्हती. ती फक्त फाटकाबाहेर जात नव्हती. 'जाणार नाही' असं मात्र ती कधीच म्हणाली नाही. कारणं असायची. एकदा गॅसवाला येणार होता. एकदा गुडघा. एकदा शेजारची मांजर आमच्या पडवीत व्यायली, मग बाळंतिणीला सोडून कसं जायचं. प्रत्येक कारण खरं असायचं आणि हीच अडचण होती. खोट्या कारणाशी निदान भांडता येतं. नवरा गेलेल्या बाईने शुभकार्याला जाऊ नये असलं काही आमच्या घरात कधी चाललं नाही. बाबांनी ते चालू दिलं नसतं आणि आईनेही नसतं. म्हणून तर ती नक्की कशाला अडून बसली आहे ते मला कळत नव्हतं. दिवसेंदिवस तिचा आवाज कमी होत चालला होता, एवढं मात्र कळत होतं.

मग मालगुंडहून सगुणामावशीचा फोन आला. मावशी आईची धाकटी बहीण. तिच्या सम्यकला मुलगी झाली होती, मुंबईकर सगळे शिमग्याच्या सुट्टीला गावी आले होते, तेव्हा रविवारी नामकरण उरकायचं ठरलं होतं. आणि नाव आईने ठेवायचं, असं मावशीने परस्पर जाहीर करून टाकलं होतं. आईने गुडघ्याचं नाव काढताच मावशी म्हणाली, "आक्का, तू आली नायस तर पोरीला नाव नाय. शाळेत घालताना पण मास्तरला सांगीन, बाळी म्हणून लिहा."

मग आईने अट घातली. येईन, पण यांच्या गाडीतून येईन. एस्टीत मला मळमळतं आणि रिक्षात कंबर जाते.

अट घालताना ती निर्धास्त होती, कारण गाडी बाबा गेल्यापासून ताडपत्रीखाली उभी होती. ती चालू होईल असं कोणालाच वाटलं नसतं. मी मात्र आई दुपारी झोपलेली असताना बॅटरी काढून चार्ज करून आणली, चाकांत हवा भरली, आणि शनिवारी संध्याकाळी गाडी चालू करून तिच्यासमोर उभी केली. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उद्या कुठली साडी नेसू म्हणून विचारलं. मी जिंकले होते.

रविवारी सकाळी गाडी पुसायला म्हणून गेले तर पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला काळे शिंतोडे. मडगार्डच्या आत काळं, अंगणाच्या चिऱ्यांवर काळं. वाकून पाहिलं, तर बुटाला घडीवर हातभर नाही, पण बोटभर नक्की चीर. उभ्याउभ्या रबर वाळलं होतं आणि आदल्या संध्याकाळच्या माझ्या विजयी फेरीत ते फाटलं होतं.

कादंबऱ्यांतून गाडी बिघडली की माणसं एकमेकांच्या प्रेमात पडतात, नाहीतर निदान एखादं गूढ घर तरी सापडतं. माझ्यासमोर फक्त एकच प्रश्न होता. हे आईला कळलं की कारण मिळालं. आणि ते खरं असणार, पहिल्या प्रतीचं असणार. मावशी पुन्हा बोलावील, आई पुन्हा हो म्हणेल, असं होणार नव्हतं. तो 'हो' एकदाच निघालेला होता.

मी चिरेचा फोटो काढून गुरुप्रसादला पाठवला. गुरुप्रसाद हा बाबांचा मेकॅनिक, म्हणजे बाबांनी केलेल्या दुरुस्त्या दुरुस्त करणारा माणूस. त्याने लगेच फोन केला. माझे हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून फोन बॉनेटवर ठेवून स्पीकर लावला. पलीकडून ढोलच ऐकू आले. तो संगमेश्वरकडे आपल्या गावी पालखीबरोबर घरोघर फिरत होता. शिमग्यात रत्नागिरीतलं निम्मं गाव आपापल्या पालखीखाली असतं, त्यामुळे दुसरं गॅरेज उघडं मिळेल ही आशाच नव्हती. नवा बूट कोल्हापूरहून मागवावा लागणार, तो मंगळवारशिवाय येणार नाही, असं त्याने ढोलांच्या दोन फेऱ्यांच्या मधे सांगितलं. तशीच गाडी नेली तर मी मालगुंडला पोचेन, पण सांध्याचं काही सांगता येत नाही, काहीतरी गुंडाळा, सायकलची ट्यूब वगैरे, हेही सांगितलं. आणि मग ढोल वाढले म्हणून तो ओरडला, "ताई, ऐकलंत का, बूट! डाव्या बाजूचा बूट फाटलाय तुमचा!"

स्वयंपाकघराची खिडकी उंचावर आहे. तिथून अंगण ऐकू येतं, पण बॉनेटपलीकडचं दिसत नाही.

"कोणाचा बूट फाटला गो?" आईने आतून विचारलं.

"माझा," मी म्हणाले.

मग तिने विचारलं की मी नामकरणाला बूट घालून येणार होते का. मी म्हणाले, हो, नव्या पद्धतीचे आहेत. साडीवर? साडीवरच घालतात हल्ली, मी म्हणाले. पुण्यात काय काय घालतात देव जाणे, असा काहीतरी सुस्कारा आला आणि मला वाटलं विषय संपला. पण आईच्या हाताखालून बाबांच्या इतक्या दुरुस्त्या गेल्या होत्या की फाटलेली वस्तू तशीच सोडून देणं तिच्या स्वभावात उरलंच नव्हतं.

"कुठे फाटलाय? टाचेला का पुढे?"

"घडीवर."

"मग शिवू नको. घडीवरचं शिवलेलं राहत नाय. आणि चिकटवू पण नको. चिकटवलेलं ताठ होतं, नि वाकलं की त्याच्याच बाजूला परत फाटतं."

मी नेमकी चिकटवायचीच तयारी करत होते. गोंदाची ट्यूब तशीच खाली ठेवली. बुटाचा भाता प्रत्येक वळणावर वाकतो नि ताणतो, तिथे वाळून कडक झालेला गोंद किती वेळ टिकणार? चपलांच्या बाबतीतलं तिचं मत गाडीला तंतोतंत लागू होत होतं.

इतक्यात शेजारचे स्वरूपदादा कुंपणावरून डोकावले. ते बँकेत आहेत आणि कुठलीही दुरुस्ती कशी करतात त्याची चित्रफीत त्यांनी पाहिलेली असते. करून मात्र पाहिलेली नसते. त्यांनी चंदेरी चिकटपट्टीचं एक जाडजूड भेंडोळं आणलं आणि "काकू, गाडीचा..." अशी मोठ्याने सुरुवात केली. मी त्यांना हाताने खाली बसवलं. गाडी म्हणायचं नाही, फक्त बूट म्हणायचं, असं बजावलं.

"पण त्याला बूटच म्हणतात," ते कुजबुजले.

"म्हणूनच खोटं बोलावं लागत नाहीये."

हे त्यांना पटलं. ते नियमांतले गृहस्थ आहेत. चिकटपट्टीला मात्र काहीच पटलं नाही. ग्रीस लागलेल्या रबरावर ती बसेचना. पहिला तुकडा माझ्या मनगटाला चिकटला, दुसरा स्वरूपदादांच्या शर्टाला आणि तिसरा आम्हा दोघांना मिळून. सोडवून घेताना ते म्हणाले की त्या चित्रफितीत हवामान वेगळं होतं.

"आधी पुसून घेतलंस का?" खिडकीतून आवाज आला. "साबणाच्या पाण्याने पूस आणि खडखडीत कोरडं कर. रॉकेल लावू नको. रबर फुगतं."

"बुटाचं रबर?"

"तळवा रबराचाच असतो ना?" आई म्हणाली आणि खिडकीच्या गजांतून एक वाटी साबणाचं पाणी आणि बाबांच्या जुन्या बनियनचं फडकं पुढे आलं. ते घ्यायला स्वरूपदादा गेले. काळ्या हाताने मी गेले असते तर पंचाईत होती.

आम्ही चाकांमागे जांभ्याचे चिरे लावले, चाक पूर्ण वळवून बूट बाहेरच्या अंगाला आणला आणि मी गोणपाटावर आडवी होऊन पुसायला लागले. मुद्रितं तपासण्याची सवय इथे कामाला आली. घडीघडीतून एकेक काळा ठिपका टिपत गेले. चीर पुसली तशी आणखी लांब दिसायला लागली. आत ग्रीस अजून बरंच शिल्लक होतं, एवढंच नशीब.

आता ट्यूब. ती कुठे मिळेल हा प्रश्न नव्हता. पडवीत बाबांची सायकल होती. तिला हात लावायचा की नाही, हा प्रश्न होता. मी स्वरूपदादांना हळूच विचारलं, तुमच्याकडे जुनी ट्यूब आहे का. त्यांच्याकडे नव्हती. मावशीच्या गावी पोचायची वेळ होत चालली होती. मी तशीच चाकाशेजारी बसून राहिले.

"ट्यूब पाहिजे असेल तुला," आई म्हणाली. आता ती खिडकीत नव्हती, पडवीच्या पायरीवर उभी होती. तिच्या हातात आधीच काढलेली ट्यूब होती आणि कात्री होती. मी उठून बॉनेटपुढे उभी राहिले, म्हणजे गाडीचं चाक तिला दिसू नये. माझे हात मी पाठीमागे घेतले. ती माझ्याकडे न बघता पायरीवर बसली. "मागच्या चाकाची आहे. पुढची पंक्चर काढून काढून संपलीय."

तिने ट्यूब उभी कापायला घेतली. ट्यूबवर बाबांनी लावलेली ठिगळं होती, नकाशातल्या बेटांसारखी एकामागून एक. प्रत्येकाचे कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. आईची कात्री एका ठिगळापाशी येऊन थांबली, जरा वळली, त्याला वळसा घालून पुढे गेली. मग पुढच्याला. पट्टी वाकडीतिकडी निघाली, पण एकही ठिगळ कापलं गेलं नाही. मी ते पाहत होते आणि स्वरूपदादा चिकटपट्टीचं भेंडोळं पाहत होते.

पट्टी माझ्याकडे देऊन तिने बांधायला हिरवी नायलॉनची दोरी दिली. ही मासेमारीच्या जाळ्याची. बाबा मिरकरवाड्याहून आणायचे आणि घरातल्या निम्म्या वस्तू तिच्यावर टिकून होत्या. मी पुन्हा चाकाशी आडवी झाले आणि आई पायरीवरूनच सांगत राहिली. ओढून गुंडाळ. पहिला वेढा फाटलंय त्याच्या मागे. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढव, कौलं बसवतात तसा. मी तसं करत गेले. रबर रबराला धरायला लागलं. चीर झाकली गेली. एका वेढ्याला माझा हात घसरला तशी ती म्हणाली, "उलटं चाललंय तुझं. चाक पुढे फिरतं त्या बाजूने टोक दाब, नायतर हवेने सुटेल."

मी हात थांबवला. चाकापलीकडे स्वरूपदादांचे पाय दिसत होते. तेही थांबले होते.

"आई," मी गाडीखालून म्हणाले, "बुटाला चाक?"

"तुझ्या नव्या पद्धतीच्या बुटाला असेल."

मी बाहेर आले. ती पदराने कात्री पुसत होती.

"उजवा यांनी बदलून घेतला होता," ती म्हणाली. "डाव्याला म्हणाले, अजून चालेल. मी तेव्हाच सांगितलं होतं, दोन्ही एकदम बदला."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस तुझा आहे. म्हटलं, असेल."

स्वरूपदादांना अचानक घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. आई साडी बदलायला आत गेली. मी दोन्ही टोकांना दोरीचे वेढे देऊन, दातांनी ओढून गाठी मारल्या, आणि मारताना माझ्या लक्षात येत गेलं. ढोल वाजत असताना, गुरुप्रसादने 'डाव्या बाजूचा' म्हणताच तिला कळलं होतं. न जाण्याचं कारण तिच्या हातात आयतं आलं होतं. तिने ते उचललं नाही. साबणाचं पाणी उचललं.

मालगुंडला जायला दोन वाटा आहेत. निवळीकडून गेलं तर लांब पडतं, पण वळणं सौम्य. समुद्राच्या बाजूने आरे-वारेचा रस्ता जवळचा, पण चढउतार आणि वळणं अशी की स्टिअरिंगला सरळ राहायला उसंत नाही. गुरुप्रसादने सांगितलं होतं, चाक जास्त मोडू नका, त्या जागी जास्त ताण पडतो. मी निवळीचा रस्ता धरायला निघाले तर आई म्हणाली, समुद्राकडून चल, सगुणा वाट बघत असेल. मी बुटाचं कारण सांगितलं. ती म्हणाली, मग हळू चालव.

मी इतकी हळू चालवली की एका उतारावर आम्हाला एक सायकलवाला मागे टाकून गेला आणि जाताना आईला नमस्कार करून गेला, बाबांचा विद्यार्थी होता. आमच्या मागे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली. ती हॉर्न वाजवायला लागली की आई काच खाली करून हात बाहेर काढायची आणि सगळ्यांना पुढे जायची परवानगी द्यायची. मिरवणुकीतल्या पाहुण्यासारखी. मी कान चाकाकडे लावून होते. ती बाहेर बघत होती. काजूला मोहोर आहे, अमक्याने घराला निळा रंग काढला, कसला तो रंग, इथे आधी सुरूची झाडं जास्त होती. महिनोन् महिने साठलेलं बोलणं ती रस्त्याला बोलत होती.

आरेचा चढ संपून खाली समुद्र दिसायला लागला, आणि आवाज आला. फट्. मग थोड्या वेळाने पुन्हा फट्. मी कडेला जागा बघून गाडी थांबवली. पट्टीचं एक टोक सुटून मडगार्डवर आपटत होतं. बाकीचे वेढे शाबूत होते. पण पुढचा उतार मोठा होता आणि त्यानंतर आणखी एक.

माझा धीरच गेला. मघापासून मी जी वाक्यं आईच्या तोंडून येऊ नयेत म्हणून धडपडत होते, ती माझ्याच तोंडून आली. अर्धा रस्ताही झालेला नाही, इथून परत गेलेलं बरं, मावशीला फोन करूया, तिला समजेल, पुढच्या आठवड्यात नवा बूट घालून येऊ.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला जायचंय का परत?"

समुद्राचा वारा दारातून आत येत होता. दिवाळीपासून मी आईला बाहेर काढायच्या खटपटीत होते. त्या खटपटीत मी स्वतः कुठे गेले होते, ते मला पटकन आठवेना. बॅटरीच्या दुकानात गेले होते.

आई उतरली. चपला काढून ठेवल्या, पदर खोचला, चाकाजवळ मातीत बसली आणि सुटलेलं टोक हातात घट्ट धरलं. मी दोरी सोडून पुन्हा बांधायला घेतली. आमची डोकी जवळजवळ आली होती. ग्रीस तिच्या बोटांवरून बांगड्यांपर्यंत गेलं.

"यांना अशी गाडी रस्त्यात थांबली की बरं वाटायचं," ती म्हणाली. "खाली शिरून सगळं मोठमोठ्याने सांगत बसायचे, आता हे काढतो, आता ते आवळतो. मला खाली उतरू द्यायचे नाहीत. साडी खराब होईल म्हणायचे." तिने पट्टी आणखी ओढून धरली. "आवळ. मी धरलंय."

मी आवळली. या वेळेस गाठ तिनेही तपासली.

आम्ही पोचलो तेव्हा मावशीच्या अंगणात सगळे जेवणाकडे डोळे लावून बसले होते. मावशीने आधी उशिराबद्दल ऐकवलं, मग आईचे हात पाहिले आणि ऐकवायची थांबली. साबणाने काही होईना, तेव्हा तिने चुलीतली राख आणि नारळाच्या काथ्याची किशी दिली. दोघी बहिणी न्हाणीघराच्या पायरीवर बसून हात घासत होत्या आणि भांडत होत्या, फोन का केला नाहीस, केला असता तर काय केलं असतंस, सम्यकला पाठवलं असतं, तो काय बूट शिवणार होता. आईचा आवाज तिथून अंगणापर्यंत स्पष्ट येत होता.

वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. मुलीला आईच्या मांडीवर ठेवलं. सम्यक आणि त्याची बायको जरा धास्तावलेले दिसत होते, कारण नाव काय ते आईने कोणालाच सांगितलं नव्हतं आणि मुंबईच्या शाळेत हजेरीला चालेल असं ते असावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आईने वाकून मुलीच्या कानात सांगितलं, मग आम्हाला सांगितलं. मनस्वी. सम्यकने सोडलेला श्वास माझ्यापर्यंत ऐकू आला. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला.

जेवणानंतर मी आईला विचारलं, हे नाव तुला कुठून सुचलं.

"मला कुठे. यांचं आहे. तुझ्यासाठी काढलं होतं. पण तुझ्या आजीने आम्रपाली म्हटलं, मग आजीपुढे कोण बोलणार."

मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. "म्हणजे माझं नाव दिलंस तू तिला."

"पडून होतं," आई म्हणाली.

ऊन उतरायला लागलं तशी मी किल्ली घेऊन उठले. चाकाशी वाकून पाहिलं. गाठी पक्क्या होत्या, पट्टी जागेवर होती, ग्रीस कुठे नव्याने उडालेलं नव्हतं. समाधानाने वर पाहिलं तर आई ओट्यावर मांडी घालून बसलेली, मांडीवर मनस्वी, आणि उठायची कसलीही चिन्हं नाहीत.

"मी राहते," ती म्हणाली. "बूट फाटलेल्या गाडीतून दोनदोनदा प्रवास नको."

मी म्हणाले, येताना चालला की.

"येताना यायचं होतं."

मावशी दारात उभी राहून दुसरीकडे बघत होती. तिला हसू आवरत नव्हतं. पुढचं आईने सगळं ठरवूनच ठेवलेलं होतं. गाडी इथेच राहील. मंगळवारी बूट आला की गुरुप्रसादला घेऊन मी यायचं, त्याच्या गावची पालखी देवळात परतली असली तर. मग बघू. येताना तिच्या दोन साड्या आणि गुडघ्याचं तेल आणायचं. मांजरीला दूध घालायचं. कारणात कुठेही फट नव्हती. मी निघताना ती पायरीपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "राहशील ना एकटी?"

"हो," मी म्हणाले. घरात मी त्याआधी एक रात्रही एकटी राहिले नव्हते. तिला ते माहीत होतं.

सम्यकने मला मोटारसायकलवरून एस्टीपर्यंत सोडलं. एस्टी समुद्राच्या रस्त्यानेच गेली, पण वेगाने गेली. सकाळी आम्ही थांबलो होतो ती जागा मी खिडकीतून शोधत होते, तोवर ती मागे पडलीही.

फाटकापाशी स्वरूपदादा झाडांना पाणी घालत होते. त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"काकू?"

"राहिली."

"आणि गाडी?"

"तीही."

त्यांनी थोडा विचार करून सांगितलं की चिकटपट्टी कोरड्या जागी फार चांगली बसते, त्यांनी दुपारी नळावर लावून पाहिली. मी कौतुक केलं आणि कुलूप उघडलं.

घरात मी सगळे दिवे लावले. मांजरीला दूध घातलं. चहाचं आधण ठेवलं, आणि एका माणसाला किती पाणी लागतं ते काही केल्या अंदाजात येईना. थोडं ओतलं, थोडं परत काढलं. मग फोन वाजला. पोचलीस का, आईने विचारलं. पोचले. काय करतेस? चहा. कर मग, ती म्हणाली. मी तिला पाण्याचं विचारलं नाही. पलीकडे कोणीतरी मनस्वीला जोजवत होतं, भांडी वाजत होती, मावशी कोणाला तरी ओरडत होती. माझ्याकडे आधणाला बुडबुडे धरायला लागले.

चहा होईपर्यंत फोन कोणीच ठेवला नाही.